हिवाळ्यासाठी स्विमिंग पूल झाकताना : आधी पाण्याची पातळी, मग कव्हर

घरामागचा पूल हिवाळ्यासाठी बंद करायचा म्हटलं की नवख्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा कव्हर येतं. कुठलं घ्यायचं, केवढं घ्यायचं, एकट्याने ओढता येईल का. पहिल्या वर्षी माझंही तेच झालं. महिनाभर कव्हरं बघत बसलो आणि पूल बंद करायला जेमतेम एक शनिवार ठेवला. कव्हर छान बसलं. वसंतात ते काढून मोटर सुरू केली, तर फिल्टरच्या व्हॉल्व्हच्या मानेपाशी पाण्याचा बारीक फवारा उडायला लागला. हात फिरवून बघितलं. केसाएवढी चीर, नखाला जेमतेम लागेल इतकी, पण मानेला अर्धा वळसा घालून गेलेली. आत वाटीभर पाणी राहिलं होतं आणि ते गोठलं, एवढंच कारण. अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागला.

त्यामुळे या लेखात कव्हर बरंच उशिरा येईल. कडक थंडीच्या प्रदेशात, जिथे पारा आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहतो, तिथे कव्हर ओढणं हे शेवटचं काम. त्याआधीचा आठवडाभर पाणी, पाइप आणि पंप यांच्यावर मेहनत घ्यावी लागते. कव्हरही नीट टिकायचं असेल तर खालच्या पाण्याची पातळी बरोबर लागते, कारण बर्फाचा भार शेवटी ते पाणीच उचलतं. ते कसं, हे पुढे येईलच.

गोठणारं पाणी काय करतं

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. उघड्या जागेत त्याने काही बिघडत नाही, बर्फ वर सरकतो. बंद पाइपात, पंपाच्या पोटात किंवा व्हॉल्व्हमध्ये त्याला सरकायला जागाच नसते, मग ज्यात तो अडकलाय ते फुटतं.

दुसरी गोष्ट पूलच्या बाजूने आहे. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार पाणी हलकं होऊन वर येतं, म्हणून पूल वरून गोठत येतो आणि वरचा थर खालच्या पाण्याला पांघरूण घालतो. चांगला खोल पूल तळापर्यंत गोठत नाही. धोका असतो तो वरच्या हातभर पाण्याला, जमिनीत उथळ गेलेल्या पाइपांना आणि जमिनीवर उघड्या असलेल्या यंत्रांना. आपली सगळी धडपड याच तीन जागांसाठी आहे, हे लक्षात ठेवलं की पुढची कामं पाठ करावी लागत नाहीत, आपोआप सुचतात.

कधी बंद करायचा

कॅलेंडरवर जाऊ नका, पाण्यात थर्मामीटर टाका. पाण्याचं तापमान सलग काही दिवस १८ अंशांच्या खाली राहिलं की तयारीला लागायचं, आणि १५ च्या आसपास आलं की बंद करायचं. त्याआधी घाई केली तर कव्हरखाली कोमट, अंधारं, न हलणारं पाणी राहतं आणि शेवाळाला महिनाभर मोकळं रान मिळतं. झाडांची बहुतेक पानं गळून गेली असतील तर आणखी चांगलं, नाहीतर झाकलेल्या पूलवरची पानं रोज काढत बसावं लागतं.

उशीर मात्र करू नका. बंद करायच्या आधीच एखाद्या रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर पंप रात्रभर चालू ठेवा. वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही. त्या एका रात्रीची वीज पाइप बदलण्यापुढे काहीच नाही.

पाणी स्वच्छ आणि समतोल

शिडी, रेलिंग, तरंगती खेळणी, क्लोरीनचा तरंगता डबा, सगळं बाहेर काढा. जाळीने पानं गाळा, भिंती ब्रशने घासा, तळाला व्हॅक्यूम फिरवा. कोपऱ्यात चार पानं राहिली तर राहिली, असं करू नका. पानं महिनोन् महिने कुजतात, क्लोरीन खाऊन टाकतात आणि तळावर चहाच्या रंगाचे डाग सोडतात.

रसायनांचं काम झाकण्याच्या तीन-चार दिवस आधी करा, पंप चालू असताना. एकदा पाइप रिकामे झाले की पाणी ढवळायला काही उरत नाही, आणि वरून टाकलेली पावडर एकाच जागी बसते.

टेस्ट किटने तीन आकडे बघा. पीएच ७.४ ते ७.६ असावा. टोटल अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). कॅल्शियम हार्डनेस, विशेषतः पूल सिमेंट-प्लास्टरचा असेल तर, २०० ते ४०० पीपीएम. हा तिसरा आकडा बरेच जण सोडून देतात, आणि हिवाळ्यात नेमका तोच महत्त्वाचा. पाणी जितकं गार तितका त्यात चुना जास्त विरघळतो. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर ते आपली भूक प्लास्टरमधून भागवतं. मग वसंतात पायऱ्यांवर हात फिरवला की गुळगुळीत जागी खरखरीत लागतं. ते नंतर कुठल्याही रसायनाने भरून येत नाही.

मात्रा काढायला पूलमध्ये पाणी किती हे माहीत हवं. आयताकृती पूल असेल तर लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूल म्हणजे ७५ घनमीटर, म्हणजे ७५ हजार लिटर. हा आकडा पंपाजवळच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवा, दरवर्षी लागतो.

तीन आकडे जमले की संध्याकाळी क्लोरीनचा शॉक द्या, म्हणजे एकदम मोठी मात्रा. संध्याकाळी अशासाठी की उन्हात क्लोरीन लवकर उडून जातं. पावडर असेल तर आधी बादलीत पाणी घ्या आणि त्यात पावडर घाला, कधीही पावडरवर पाणी ओतू नका. दोन रसायनं एका बादलीत एकत्र करायची नाहीत, रिकाम्या झालेल्या बादलीतसुद्धा धुतल्याशिवाय दुसरं काही घ्यायचं नाही. लायनरच्या, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या, पूलमध्ये न विरघळलेले दाणे तळाला बसले तर तिथे रंग उडतो, म्हणून पूर्ण विरघळू द्या.

यानंतर थांबायचं. क्लोरीन उतरून १ ते ३ पीपीएमवर येईपर्यंत पूल झाकू नका, जास्त क्लोरीनची वाफ कव्हरखाली कोंडली की कव्हरही खराब होतं आणि लायनरही. शेवाळनाशक टाकायचं तेही क्लोरीन उतरल्यावरच. दुकानात विचारताना पॉलिक्वाट प्रकारचं, ६० टक्क्यांचं मागा. तांबं असलेलं शेवाळनाशक स्वस्त पडतं, पण त्याने डाग पडू शकतात, आणि हिवाळाभर पडलेला डाग काढणं कठीण. क्लोरीनच्या गोळ्यांचा तरंगता डबा कव्हरखाली सोडून देण्याची सवय काहींना असते. लायनर असेल तर ते अजिबात नको. डबा एका जागी चिकटून बसतो आणि तिथे पांढरा चट्टा उठतो.

पातळी किती खाली न्यायची

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिलं म्हणजे पूल पूर्ण रिकामा करायचा नाही. “पाणीच नसेल तर गोठेल काय?” असं वाटतं खरं. पण पूलच्या बाहेर, मातीत, भूजल असतं आणि ते पूलच्या भिंतींना आणि तळाला बाहेरून रेटत असतं. आतल्या पाण्याचं वजन हा रेटा तोलून धरतं. ते काढलं की काँक्रीटला तडे जाऊ शकतात, आणि फायबरग्लासचा पूल तर अख्खाच्या अख्खा जमिनीतून वर उचलला जाऊ शकतो. लायनर कोरडं पडलं तर आक्रसतं आणि पुन्हा नीट बसत नाही.

दुसरं, पातळी खाली नेण्यामागे दोन हेतू आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. पाणी स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या डब्याच्या, तोंडाखाली गेलं की स्किमर आणि टाईलची पट्टी बर्फापासून वाचते. म्हणून खाली न्यावंसं वाटतं. पण कव्हरला आधार देतं तेही हेच पाणी. म्हणून फार खाली नेता येत नाही.

हिशोब करून बघा. ओला, दबलेला बर्फ घनमीटरला सहज ३०० किलो भरतो. १० बाय ५ मीटरच्या पूलवर असा बर्फ ३० सेंटिमीटर साचला तर चौरस मीटरला ९० किलो, आणि ५० चौरस मीटरवर मिळून साडेचार टन. कव्हर काठावरच्या अँकरना (जमिनीत बसवलेल्या खुंट्यांना) ताणून धरणाऱ्या कुठल्याही स्प्रिंगने आणि पट्ट्याने हा भार महिनाभर लटकवून धरावा ही अपेक्षाच चुकीची. प्रत्यक्षात होतं असं, की कव्हर भाराखाली झोळीसारखं खाली येतं, पाण्यावर किंवा गोठलेल्या थरावर टेकतं, आणि मग भार पाणी घेतं. पाणी जवळ असेल तर झोळी थोडी पडते, स्प्रिंग वाचतात. पाणी खूप खाली असेल तर टेकायच्या आधीच शिवणी उसवतात किंवा अँकर वाकतात.

आता प्रत्यक्ष आकडे. अखंड, पाणी न झिरपणारं कव्हर असेल तर पाणी स्किमरच्या तोंडाखाली ८ ते १५ सेंटिमीटर ठेवा. जाळीचं कव्हर असेल तर पाऊस आणि वितळलेला बर्फ त्यातून आत येणार आणि पातळी हळूहळू वर चढणार, म्हणून सुरुवात आणखी खालून करावी लागते. पण कव्हरच्या खालच्या बाजूपासून पाणी साधारण ४५ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. तुमच्या कव्हरच्या माहितीपुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा, माझी नाही. यंत्रावर चालणारं सरकतं कव्हर असेल तर ते जवळजवळ पूर्णपणे पाण्याच्या आधारावरच असतं. त्यात पातळी कमी करण्याआधी पुस्तिका वाचल्याशिवाय काही करू नका.

पाणी उपसायला फिल्टरचा व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या खुणेवर, लावा, स्किमर बंद करून मेन ड्रेनमधून (तळाच्या जाळीतून) ओढा, म्हणजे पंपात हवा जाणार नाही. शेजारी उभे राहा, पंप सुरू करून घरात जाऊ नका. सोडलेलं पाणी घराच्या पायापासून लांब जाऊ द्या, आणि क्लोरीनचं पाणी ओढ्या-नाल्यात सोडायच्या आधी तुमच्या भागातला नियम बघा.

पातळी ठरली की टाईलवर ग्रीस पेन्सिलने छोटी रेघ ओढा आणि काठापासून ती किती खाली आहे तेवढं मोजून लिहून ठेवा. हिवाळ्यात ही नोंद कामाला येते.

पाइपांतलं पाणी काढणं

याला कमी दाबाची पण भरपूर हवा लागते. ओलं-सुकं व्हॅक्यूम उलट्या बाजूने लावलं तर लहान पूलला पुरतं. एअर कॉम्प्रेसर वापरणार असाल तर दाब २० पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, सांधे सुटतात. आणि हवा सोडलेली असताना फिल्टरच्या टाकीवर वाकून काम करू नका. कोंडलेल्या हवेने उडालेलं झाकण जीवघेणं ठरू शकतं. फिल्टरची हवा सोडायची कळ उघडी आहे ना, हे आधी बघा. शक्यतो फिल्टर वगळून थेट पाइपांनाच हवा द्या.

सुरुवात रिटर्नपासून, म्हणजे ज्या भोकांतून गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं तिथून. पंपाच्या बाजूने हवा सोडली की सगळ्यात जवळच्या रिटर्नमधून आधी पाण्याचा लोंढा येतो, मग पाणी आणि हवा एकत्र गुरगुरत येतात, आणि शेवटी नुसते मोठे बुडबुडे. बुडबुडे सुरू झाले की लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू द्या, कारण पाइपाच्या वाकणांत पाणी रेंगाळतं. मग हवा चालू असतानाच त्या भोकात रबरी प्लग बसवा आणि मधला स्क्रू पिळून घट्ट करा. रबर फुगून भोक दाबून धरतं. पाण्याखाली हात घालून हे करायला थंडी वाजते, पण हवा बंद करून प्लग लावायला गेलात तर तेवढ्यात पाणी परत पाइपात शिरलेलं असतं. एक बंद झाला की हवा पुढच्याकडे वळते. असं करत शेवटच्या रिटर्नपर्यंत जायचं.

मेन ड्रेनला प्लग लावता येत नाही, तो तळाशी असतो. त्याच्या पाइपात हवा सोडा. तळाच्या जाळीतून बुडबुडे वर येताना दिसले की हवा चालू असतानाच पंपाजवळचा त्याचा व्हॉल्व्ह बंद करा. आत हवा कोंडली जाते आणि पाणी वर चढू शकत नाही. बाटली उलटी पाण्यात दाबली तर आत पाणी शिरत नाही, तसंच हे. पाइपाचा जो भाग खोल पाण्याच्या पातळीला राहतो, तिथे गोठण्याची भीती नसते.

स्किमरचा पाइप रिकामा करून त्याचं तळाचं भोक प्लगने बंद करा. आता स्किमरच्या डब्यात पावसाचं पाणी साचून गोठण्याची शक्यता उरते. त्यासाठी रिकामी प्लास्टिकची बाटली, उभी राहण्यापुरती तळाशी थोडी वाळू घालून, झाकण घट्ट लावून डब्यात ठेवा. बर्फ फुगला की बाटली चेपते, डबा वाचतो. याच कामासाठी बनवलेले पोकळ प्लगही मिळतात आणि ते जास्त चांगले, पण बाटलीनेही काम भागतं.

पाइप पूर्ण रिकामा झाला याची खात्री नसेल तर त्यात पूलसाठीचं अँटीफ्रीझ घाला, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते सहसा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी आहे. पूलच्या आसपासही आणू नका. अँटीफ्रीझ हा हवा मारण्याला पर्याय नाही, उरल्यासुरल्या पाण्यासाठी आहे.

खरं सांगायचं तर या एका कामासाठी पहिल्या वर्षी जाणकार माणूस बोलवा आणि तो करत असताना शेजारी उभं राहून बघा. कुठल्या पाइपाचं तोंड कुठे आहे, कुठला व्हॉल्व्ह कशाचा, हे विचारून प्रत्येकाला पट्टी चिकटवा. पुढच्या वर्षी तुम्हाला स्वतःला जमेल.

पंप, फिल्टर, हीटर

इथे नियम एकच. ज्याला ज्याला ड्रेन प्लग आहे तो उघडायचा. पंपाला बहुधा दोन असतात, एक जाळीच्या डब्याखाली आणि एक पुढच्या भागाखाली. दुसरा नजरेआड असतो आणि तोच राहून जातो. फिल्टरच्या टाकीचा खालचा प्लग काढा, वरची कळ उघडा. सँड (वाळूच्या) फिल्टरचा व्हॉल्व्ह दोन खुणांच्या मध्ये किंवा ‘विंटर’ खुणेवर ठेवा, म्हणजे आत पाणी अडकत नाही. माझा फुटला होता तो हाच. हल्ली मी दांडा मध्ये आणल्यावर त्याच्या तोंडातून आणखी एकदा हवा मारतो, आणि दर वेळी थोडं तरी पाणी निघतंच.

वाळूऐवजी कार्ट्रिज, म्हणजे काढता येणारी गाळणी, असेल तर ती धुऊन, वाळवून घरात ठेवा. प्रेशर गेज काढा. हीटरचं पाणी सोडा, गॅस बंद करा. मिठाच्या पाण्यावर चालणारा क्लोरीन जनरेटर असेल तर त्याचा सेल काढून आत ठेवा. शेवटी वीज मुख्य स्विचवरून बंद करा आणि टायमरही काढून टाका, नाहीतर एखाद्या पहाटे टायमर कोरडा पंप सुरू करील. काढलेले सगळे प्लग, गेज, छोट्या रिंगा पंपाच्या जाळीत टाकून झाकण लावा. वसंतात शोधाशोध होत नाही.

कोणतं कव्हर

सोलर कव्हर, म्हणजे बुडबुड्यांचं निळं प्लास्टिक, हिवाळ्यासाठी नाही. ते उन्हाळ्यात पाणी गरम ठेवायला आहे. बर्फाखाली त्याचे तुकडे होतात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे जाड ताडपत्री, कडेने पाण्याच्या पिशव्या ठेवून दाबलेली. पाणी स्वच्छ राहतं, पण तिच्यावर साचलेलं पाणी सतत उपसावं लागतं, आणि ती कुणाचंही वजन पेलत नाही. वरून पानं पडलेली असली की ती जमीनच वाटते, लहान मुलाला आणि कुत्र्याला तर नक्कीच.

सेफ्टी कव्हर काठाच्या जमिनीत बसवलेल्या अँकरना स्प्रिंगने ताणून धरलेलं असतं. अमेरिकेच्या एएसटीएम एफ१३४६ या मानकानुसार ते ४८५ पौंड, म्हणजे साधारण २२० किलो वजन पेलायला हवं, दोन मोठी माणसं आणि एक मूल धरून. घेताना या मानकाचं लेबल शोधा. नुसतं ‘सेफ्टी’ लिहिलेलं पुरेसं नाही. यात जाळीचं आणि अखंड असे दोन प्रकार. जाळीच्या कव्हरवर पाणी साचत नाही, ते वजनाला हलकं असतं, पण थोडा उजेड आणि बारीक गाळ आत जातो, म्हणून वसंतात पूल लवकर उघडावा लागतो. अखंड कव्हरखाली पाणी आरशासारखं निघतं, पण ते जड असतं आणि त्यावर पंप लागतो.

माझं मत विचाराल तर घरात किंवा शेजारी लहान मुलं असतील तर ताडपत्रीचा विचारही करू नका, जाळीचं सेफ्टी कव्हर घ्या. थोडा गाळ निघतो तो व्हॅक्यूमने जातो. आणि कव्हर कितीही मजबूत असलं तरी कुंपण आणि फाटकाची कडी तशीच लागते.

कव्हर ओढताना

सेफ्टी कव्हर पहिल्यांदा बसवताना अँकरसाठी भोकं पाडावी लागतात, ती एकदाच. पितळी अँकर काठात बसतात आणि उन्हाळ्यात स्क्रू खाली फिरवला की जमिनीशी सपाट होतात. हिवाळ्यात ते षट्कोनी चावीने वर काढायचे. स्क्रूच्या आट्यांत वाळू असेल तर आधी ब्रशने झाडा, जबरदस्तीने फिरवू नका.

दोन माणसं हवीत, आणि वारा नसलेला दिवस. कव्हर एका टोकाला घडी उलगडून ठेवा. त्या टोकाचे सगळे पट्टे अँकरला लावा. मग दोघांनी दोन बाजूंनी चालत कव्हर पलीकडे न्यायचं, आणि जाता जाता दर दोन-तीन पट्ट्यांनंतर एकेक पट्टा अडकवायचा, म्हणजे कव्हर पाण्यात बुडत नाही. भिजलेलं अखंड कव्हर दोघांना उचलत नाही. पलीकडच्या टोकाला मधले पट्टे आधी, कोपरे शेवटी. सोबत आलेल्या लोखंडी नळीचा तरफेसारखा उपयोग करून स्प्रिंगची कडी अँकरवर चढवायची. तेव्हा तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका.

सगळं लावून झालं की ताण बघा. स्प्रिंग साधारण अर्धी दबलेली असावी. पूर्ण दबली असेल तर बर्फ पडल्यावर द्यायला तिच्याकडे काही उरलेलं नाही. सैल असेल तर वाऱ्याने कव्हर फडफडतं आणि काठावर घासतं. पट्ट्यावरचं बक्कल सरकवून जुळवा. काठाचा दगड खरखरीत असेल तर कव्हरखाली घासपट्टी घाला, शिवणी पहिल्यांदा तिथेच जातात.

ताडपत्रीच्या पिशव्या पाऊणच भरा. तुडुंब भरलेली पिशवी गोठली की फाटते. पिशव्या एकमेकींना टेकवून, सलग ठेवा, म्हणजे मधून वारा शिरत नाही. विटा आणि दगड नकोत. ताडपत्री सरकली की ते पूलमध्ये पडतात आणि लायनर फाडतात.

जमिनीच्या वर बसवलेल्या पूलची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या भिंती पातळ असतात आणि बाहेरून मातीचा आधार नसतो. म्हणून कव्हरखाली मधोमध हवेची उशी ठेवतात. बर्फ फुगताना भिंतीवर रेटण्याऐवजी उशीला चेपतो. उशी पूर्ण फुगवू नका, दोन तृतीयांश पुरे, नाहीतर ती फुटते. ती मध्ये राहावी म्हणून दोन्ही बाजूंनी दोरीने भिंतीला बांधा. कव्हर काठावरून चांगलं खाली आणून त्याच्या छिद्रांतून तार ओवा आणि चरखीने आवळा.

हिवाळाभर

अखंड कव्हरवर पाणी साचलं की पंपाने काढा. बोटभर पाण्याकडे दुर्लक्ष केलं की ते मधोमध जमतं, तिथे झोळी होते, आणि मग आणखी जमतं. लहान मूल बुडायला थोडंसं पाणीही पुरतं. कडक थंडी पडणार असेल तर पंप आधीच काढून घ्या, बर्फात अडकलेला पंप ओढताना कव्हर फाटतं. कव्हरवर पाणी नसताना पंप चालू राहिला आणि कव्हरला भोक असेल तर तो तुमचा पूलच उपसत बसतो.

ताजा, भुसभुशीत बर्फ मऊ झाडूने काठाच्या बाजूचा तेवढा ओढून घ्या. गोठून घट्ट झालेल्या बर्फाला हात लावू नका. फावडं, हातोडी, गरम पाणी, मीठ, यातलं काही नको. तो पाण्यावर टेकलेला आहे, टेकू द्या. कव्हरवर उभं राहून बर्फ काढायला जाणं तर नकोच.

दर पंधरवड्याला कोपरा उचलून पातळी बघा आणि तुमच्या नोंदीशी ताडा. जाळीच्या कव्हरखाली पाणी चढून स्किमरच्या तोंडाला लागत असेल तर थोडं उपसा. उलट पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. सुटलेला रिटर्नचा प्लग हे सगळ्यात नेहमीचं कारण, लायनरचं भोक हे दुसरं. तेव्हा वाट बघू नका. पाणी गेलं की कव्हरचा आधार गेला, आणि पुढचा मोठा बर्फ सगळा स्प्रिंगांवर येईल. बर्फ नसलेल्या दिवशी बागेच्या नळीने पातळी परत आणा, मग गळती शोधा.

उघडताना

पाणी १५ अंशांच्या पुढे जायच्या आत कव्हर काढा, विशेषतः जाळीचं. आधी वरचं पाणी उपसा, पानं झाडा, मगच पट्टे सोडा, म्हणजे हिवाळ्याचा कचरा पूलमध्ये सांडत नाही. पंपाच्या जाळीतले प्लग एकेक करून जागेवर बसवा, रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावा. पातळी स्किमरच्या निम्म्यापर्यंत आणा. मोटर सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं फिल्टरपाशी थांबून प्रत्येक सांध्यावर, व्हॉल्व्हच्या मानेवर कोरडा हात फिरवा. ओल लागली तर लगेच बंद करा.

कव्हर साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन सावलीत दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवा, मगच घडी घाला. ओलं ठेवलेलं कव्हर बुरशी धरतं आणि उंदीर त्यात घर करतात. झाकणाच्या पेटीत किंवा उंचावर टांगून ठेवा, आणि कुठला पट्टा कुठल्या कोपऱ्याचा ही खूण घडी घालायच्या आधी पट्ट्यावर करून ठेवा.